तांबडी खूण

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. दर्यापूर तालुक्यातल्या या वावरात ऊन अजून टोचायला लागलेलं नाही. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. नांगरलेल्या काळ्या रानात ढेकळं पडली आहेत, आणि जिथे नांगर फिरलेला नाही तिथे पंजा आत जाईल एवढ्या भेगा. विहिरीभोवती सात-आठ जण उभे आहेत. एक मुलगी गुडघ्यांवर बसून कठड्याच्या दगडावर तांबड्या ऑइलपेंटने बाण काढते आहे. बाणाचं टोक दगडाच्या कडेला नेमकं टेकेपर्यंत कोणी बोलत नाही.

"आता जो कोणी मोजेल तो इथूनच," ती उठत म्हणते.

या बाणामागे चार महिन्यांचा मनस्ताप आहे. जानेवारीत एका चमूने या विहिरीतल्या पाण्याची पातळी कठड्याच्या माथ्यापासून मोजली. मार्चमध्ये दुसरा चमू आला, त्याने जमिनीपासून मोजली. कठडा सत्तर सेंटिमीटर उंच. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी बसले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरीचं पाणी वर चढताना दिसू लागलं. फीत बरोबर होती, वाचणाऱ्यांचे डोळे बरोबर होते, विहीरही तीच होती. शून्य कुठून धरायचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

मी काल रात्री अमरावतीहून इथे आलो आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांची, महाविद्यालयांची आणि सरकारी खात्यांची माणसं मिळून एका खोऱ्याचा नकाशा करतात म्हणजे रोजच्या रोज नेमकं काय करतात, ते मला डोळ्यांनी पाहायचं आहे. प्रस्तावात या जुळणीला भारदस्त नावं असतात. इथली मुलं तिला नुसतं 'ग्रुप' म्हणतात.

फीत विहिरीत उतरते. टोकाला वजन आहे. ते पाण्याला टेकतं तेव्हा खोलातून 'डुब्' असा आवाज येतो, मग फीत जराशी वर ओढून पुन्हा टेकवतात. "चौदा साठ," अमरावतीची भूशास्त्राची मुलगी मोठ्याने वाचते. "चौदा साठ," अकोल्याच्या कृषी महाविद्यालयाचा मुलगा परत म्हणतो. तिसरा, अभियांत्रिकीचा, वहीत लिहितो आणि लिहिलेलं वाचून दाखवतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने उच्चारायचं, तिसऱ्याने लिहायचं, आणि हे तिघे तीन वेगळ्या ठिकाणचे हवेत, असा त्यांनी नियम केला आहे. म्हणजे आकडा कुणा एका संस्थेचा राहत नाही. नंतर वाद झालाच तर 'तुमच्या पोरांनी चुकीचं मोजलं' असं म्हणायला जागा उरत नाही. मी आजवर पाहिलेल्या सामंजस्य करारांच्या जाड कागदांपेक्षा ही तीन मुलांची साखळी मला जास्त भक्कम वाटते.

विहिरीचे मालक काका बाजूला बाभळीला टेकून बघत आहेत. पाण्यात क्षारमापक बुडवल्यावर पडद्यावर ४.२ येतं. एकक डेसीसायमन्स प्रति मीटर. मुलगी त्यांना समजावून सांगायला लागते.

"ते यंत्र काय सांगून राह्यलं ते मले जिभेनं समजते, माय," काका म्हणतात. "माह्या बापानं खोदली ही हीर. बैलं धुतली, पण पेलो नाही कधी. प्याले शहानूर धरणाचं येते नळानं. तुम्ही मले हे सांगा, का हे पाणी अजून खराब होऊन राह्यलं का जसंच्या तसं हाये?"

मुलगी क्षणभर थांबते. "ते सांगायला आम्हाला निदान चार-पाच वर्षं याच जागी मोजावं लागेल, काका."

"मंग मोजा ना. मी कुठी चाललो?"

खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा चिंचोळा प्रदेश. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं, पावणेपाच लाख हेक्टरांच्या आसपास जमीन. उत्तरेला सातपुडा-मेळघाट, आणि त्याच्या पायथ्याशी जमीन खचून झालेलं खोरं. त्यात नदीने गाळ भरत नेला. वर भारी काळी माती, खाली गाळाचे जाड थर, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट अपुरी. वरून पाऊस ७००-८०० मिलिमीटर, उन्हाळा भाजून काढणारा. क्षार धुऊन जात नाहीत, साचतात. जमीन इतकी सुपीक दिसते की नवख्याला विश्वास बसत नाही की इथे विहिरीला पाणी असूनही पेरणी पावसावरच होते.

साडेआठला आम्ही दुसऱ्या वावरात पोचतो. इथे अकोल्याची मंडळी पहाटेपासून खड्डा खणत आहेत. मृदाशास्त्रात याला प्रोफाइल म्हणतात: दीड मीटर खोल, एक भिंत उभी तासलेली, तिच्यावर मोजपट्टी लटकवलेली. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात सुरू झालं आणि तिथे या चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनींवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. जिप्सम टाकणं, बोरू-ढेंचा गाडणं, निचऱ्याचे चर काढणं ही औषधं शेतकऱ्याच्या तोंडी आहेत ती या कामातून. खड्ड्यातले सर चाकूने एक ढेकूळ काढतात, त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकतात. फस्सकन फेस येतो.

"हा चुना," ते म्हणतात. "कोरड्या हवेत चुना मातीत गोठत जातो. चुन्यात कॅल्शियम अडकलं की मातीच्या कणावर सोडियमला जागा होते. कण विस्कटतात, फटी बुजतात, पाणी खाली जाईना."

मग ते जे सांगतात ते मला या सगळ्या कामाच्या मुळाशी असलेलं वाटतं. पुस्तकात जमीन चोपण ठरवायची सीमारेषा आहे विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी १५. पण पूर्णेच्या खोऱ्यात मृदाशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात ही भारी माती ५ टक्क्यांपासूनच बिघडायला लागते असं आढळलं. तो अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. म्हणजे पुस्तकाची रेष धरली तर नकाशावरची कितीतरी गावं निरोगी रंगात रंगतील, आणि त्या गावांतला शेतकरी मात्र पावसानंतर आठ-आठ दिवस साचलेलं पाणी पाहत बसेल. रेष कुठे मारायची हे संगणक ठरवत नाही. खड्ड्यात उतरलेल्या माणसाने ते नकाशा रंगवणाऱ्याला सांगावं लागतं. आणि ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळ्या शहरांत, वेगळ्या विभागांत, वेगळ्या पगारपत्रकांवर असतात.

म्हणूनच इथे एक साधी गोष्ट पाळतात: नकाशा रंगवणारा मुलगाही आज खड्ड्यात आहे. त्याच्या चप्पला काठावर, पँट गुडघ्यापर्यंत वळवलेली. सर त्याला ढेकळावरच्या चकचकीत, घासल्यासारख्या पृष्ठावर बोट फिरवायला लावतात. माती फुगते-आकसते तेव्हा थर एकमेकांवर सरकून असे गुळगुळीत होतात. "आता रंग देताना आठवेल तुला," सर म्हणतात.

अकरा वाजता ऊन सहन होत नाही. अकोला-अमरावतीच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत येतो. सुट्ट्या आहेत, बाकं भिंतीला लावलेली. दोन पंखे, चार लॅपटॉप, एक प्रिंटर, ठेच्याचा वास. एका घरून भाकरी आणि पातोडीची भाजी आली आहे. जेवणं उरकतात तशी समन्वयक ताई फळ्यासमोर उभी राहते. वय तिशीचं, अमरावतीची, आणि माझ्या लक्षात येतं की सकाळपासून तिचा फोन कानाला आहे. तिचं काम कुठल्याच विषयात मोडत नाही. ती माती तपासत नाही, प्रतिमा वाचत नाही. कुणाचा आकडा कुणाकडे, कुठल्या स्वरूपात, कधी पोचला याची ती नोंद ठेवते. गेल्या वर्षी ती तीन महिने आजारी होती, तेवढ्यात नकाशाच्या दोन थरांच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या एकमेकांत मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करायला हिवाळा गेला.

आज एक थर जुळत नाही. पडद्यावर गावांच्या सीमा आहेत, आणि त्यांच्यावर बाहेरून आलेला पाणलोटाचा थर टाकला की तो दिसतच नाही. मुलगा नकाशा लहान करत जातो. अमरावती जाते, नागपूर जातं, छत्तीसगड ओलांडतो, आणि तिथे, ओडिशात, आपलं पूर्णेचं खोरं निवांत पडलेलं सापडतं.

खोलीत हशा होतो. ताई मात्र हसत नाही. ती फळ्यावर एक उभी रेघ मारते.

"अठ्ठ्याहत्तर अंश," ती म्हणते.

नकाशाचं सपाट मोजमाप करताना पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात. ७२ ते ७८ रेखांशाचा पट्टा ४३ वा, ७८ ते ८४ चा ४४ वा. अकोला ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. आणि ही रेघ आपल्या अमरावती जिल्ह्याला चिरत जाते: मोर्शी जवळपास तिच्यावरच आहे, वरुड पलीकडे, दर्यापूर अलीकडे. ४३ मधले आकडे कुणी ४४ चे म्हणून नोंदवले की सगळा मुलूख सहा अंश पूर्वेला सरकतो. चूक एका आकड्याची, अंतर सहाशे किलोमीटरांवर. पाणलोटाचा थर ज्यांनी पाठवला ते रोज ४४ मध्येच काम करतात. त्यांच्या सवयीने ते बरोबर आहेत.

या रेघेच्या आसपासच्या मुलखाला मोजणीचा मोठा इतिहास आहे. विल्यम लॅम्बटनने दक्षिणेच्या टोकापासून ७८ रेखांशाच्या जवळून त्रिकोणांची माळ उत्तरेकडे आणली ती इथल्या वऱ्हाडापर्यंत. १८२३ च्या जानेवारीत तो पलीकडे हिंगणघाटला वारला. त्याच्या कामाची पहिली पायरी कोणती होती? पायारेषा. जमिनीवर काही मैलांचं एक अंतर साखळीने पुन्हा पुन्हा मोजून पक्कं करायचं, आणि मगच पुढचा त्रिकोण. ते अंतर चुकलं तर शेकडो मैलांची माळ चुकली. दोनशे वर्षांनी या शाळेच्या खोलीत काम तेच चाललं आहे.

थर पुन्हा मागवत नाहीत. फाइलची प्रत घेऊन तिच्या नोंदीतला पट्टा दुरुस्त करतात, आणि दुरुस्ती कुणी, कधी, का केली हे वेगळ्या रकान्यात लिहितात. मूळ फाइल तशीच ठेवायची, हात लावायचा नाही, हा ताईचा नियम. पाठवणाऱ्यांना ती लगेच फोन लावते. बोलणं दोन मिनिटांचं, सूर मायेचा. "सर, तुमची फाइल उत्तम आहे हो, फक्त पट्टा तेवढा… हो, ४३. सगळ्यांना एकच लिहून पाठवते मी." फोन ठेवल्यावर ती मला म्हणते, "दुसऱ्याच्या संस्थेची चूक मी कधी ईमेलवर लिहीत नाही. ईमेल वरपर्यंत जातो. फोन माणसापाशी थांबतो."

दुपारभर नावांचं काम चालतं, आणि ते मी कल्पिलं होतं त्याच्या दसपट कटकटीचं आहे. मूर्तिजापूर इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलेलं, अचलपूर जुन्या कागदांवर एलिचपूर, खुर्द आणि बुद्रुक कुठे आहेत कुठे गळलेले. महसुलाची यादी एक, जनगणनेची दुसरी, कृषी खात्याची तिसरी. म्हणून गावाचं नाव लिहायचंच, पण जोडणी २०११ च्या जनगणनेच्या सहा आकडी क्रमांकावरच. नावांनंतर नकाशे: जुन्या टोपोशीटला आजच्या उपग्रह प्रतिमेवर बसवायला खुणेचे बिंदू लागतात. झाडं गेली, रस्ते वळले, मग पोरं शोधतात शकुंतलेचा मार्ग. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जाणारी अरुंद रेल्वे. गाडी थांबली, तरी तिची रेष जुन्या कागदावरही आहे आणि वरून काढलेल्या छायाचित्रातही. जिथे ती नाल्याला ओलांडते तिथे बिंदू पक्का बसतो. शिवाय जुने नकाशे पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्या जुन्या लंबगोलाप्रमाणे धरून बेतलेले. ते तसेच वापरले तर वावरं शेजाऱ्याच्या वावरावर चढतात.

या सगळ्याला वाट पाडून देणारी कामं महाराष्ट्रात आधी झाली आहेत आणि ती सांगायला हवीत. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो १९७६ पासून आहे, राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याचे पंधराशेहून अधिक पाणलोट आखले आणि ती निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. म्हणून तर इथली मुलंही मेमध्येच उन्हात उभी आहेत, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान आलं, महाविद्यालयांनी आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत म्हणून. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, पोकरा, सुरू झाला. १५ जिल्ह्यांतल्या ५,१४२ गावांत खारपाणपट्ट्यालाही जागा मिळाली. त्यात आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली: महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा रोजचा पाऊस, मातीची जाडी, उतार, पीक, यांवरून किती पाणी मुरलं, किती वाहून गेलं, किती पिकाने घेतलं. एकाच हिशेबात हवामान एकाकडचं, माती दुसऱ्याकडची, विहिरी तिसऱ्याकडच्या. तेव्हाच दिसलं की आपल्याकडे आकड्यांची वाण नाही. एकमेकांशी बोलणाऱ्या आकड्यांची आहे.

चार वाजता एक विषय निघतो आणि खोली शांत होते. या कामावरच्या शोधनिबंधांवर नावं कुणाची. ताई एक रजिस्टर उघडते. प्रत्येक उपकामाच्या पानावर काम सुरू होण्याआधीच नावांचा क्रम लिहिलेला आहे, खाली सह्या. फीत धरणाऱ्या पदवीच्या मुलांचीही नावं आहेत. एक मुलगा हळूच विचारतो, "ताई, तुमचं नाव?" तिचं नाव कुठेच नाही. आकडे सांधणारा माणूस संशोधक धरायचा की कारकून, हे अजून कुठे लिहिलेलं नाही. अकोल्याचे सर पेन काढतात, तीन पानांवर तिचं नाव लिहितात आणि शेजारी सही करतात. आणखी दोघं सही करायला उठतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून नोंदवतो आहे, कारण अशी नावं बहुधा आभाराच्या ओळीतही येत नाहीत.

संध्याकाळी साडेसहाला पारावर सतरंजी अंथरली आहे. नकाशाची मोठी छापील प्रत मध्यभागी, कोपऱ्यांवर चार दगड. बाप्ये पुढे, बाया मागे वट्ट्यावर. कृषी सहायक भाऊ नकाशा वाचून दाखवतात: हे तुमचं देऊळ, ही शाळा, हा पांदण रस्ता, ही निळी रेघ नाला. या निळ्या रेघेच्या कडेला तीन शेततळी सुचवली आहेत. इथली माती पाणी जिरू देत नाही, म्हणून तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरावा लागत नाही; जो दोष तोच इथे कामाला येतो.

मागून एक बाई बोलतात. "तो नाला तिकून नाही जात, भाऊ."

सगळे वळून पाहतात. बाई पुढे येतात, पदर खोचतात, नकाशाभोवती फिरतात आणि देवळाकडून उभ्या राहून बघतात. "पूर आला त्या साली त्यानं आंग बदललं. आता तो आमच्या धुऱ्याखालून जाते. तुम्ही तळं काढलं ना, तिथी पाणीच येत नाही. गंज वर्सं झाली."

पाणलोटाचा थर करणारा मुलगा लॅपटॉप उघडू लागतो. ताई त्याचा हात धरते. "उद्या सकाळी आधी जाऊन बघू. काकू, तुम्ही याल का दाखवायला?"

"सात वाजता या. मंग मले कामाले जा लागते."

मुलगा पेन्सिलने कागदावर तुटक रेघ ओढतो, बाईंना विचारत विचारत, आणि कडेच्या 'माहिती कोणी दिली' या रकान्यात त्यांचं नाव लिहितो. त्या स्वतः वाकून ते नाव वाचतात. मग म्हणतात, "हा कागद घेऊन जासान का इथी ठेवसान?"

प्रश्न साधा आहे आणि पारावर त्याचं उत्तर पटकन येत नाही. आपल्याकडे गावांनी माहिती दिली ती जिल्ह्याला गेली, जिल्ह्याची मुंबईला, मुंबईची आणखी दूर. परत आलेली मी फार थोडी पाहिली. विद्यापीठांना माझं एवढंच मागणं आहे की प्रत्येक नकाशाची पहिली प्रत त्या गावात लागू द्या, आणि मग तुमच्या कपाटात. प्रबंध त्यानंतर लिहिला तरी चालतो.

ताई सरपंचांशी बोलते. दुरुस्त प्रत येईपर्यंत पेन्सिलच्या रेघेसकट हीच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार. सतरंजी गुंडाळतात. अंधारात काका माझ्याजवळ येतात, हातात सकाळचा ऑइलपेंटचा डबा. ब्रश त्यांनी रॉकेलमध्ये धुऊन कागदात गुंडाळला आहे. पावसात खूण पुसट झाली तर ते ती परत काढणार आहेत. डबा त्यांच्या गोठ्यात, गव्हाणीच्या वरच्या फळीवर राहील. पुढचं मोजमाप ऑक्टोबरमध्ये आहे.